आंबिलीचं विजेचं भगुनं

माझ्या बायकोनं मला फसवलं. एखाद्या दिवशी नव्हे, चांगला महिनाभर, रोज सकाळी, आणि शेजारणीनं तिला साथ दिली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की माझा राग गेला. गेलेला नाही.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. माळशिरसकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून सोलापुरात आलो तो मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात जळालेली तार उपसायला. आज भवानी पेठेत माझं स्वतःचं दुकान आहे. यंत्रमागाच्या, गिरणीच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. तांब्याची तार विकणारा मला वजनात मारू शकत नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. चढू दे. आवाज चढला नसता तर मी अजून दुसऱ्याच्या दुकानात तार उपसत बसलो असतो.

दुकान टाकलं त्या पहिल्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. बायको तेव्हा नवी होती, अक्कलकोटच्या पलीकडची, माहेरी कन्नड बोलणारी. एका सकाळी तिनं ज्वारीची आंबील केली, माठात भरली आणि मला न विचारता दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवली. वर एक पितळी लोटा पालथा घातला.

मी चिडलो. "दुकान हाय का पाणपोई?"

"पिऊ द्या की," ती म्हणाली. "पीत पीत आत बघतील."

आणि बघू लागले. हातगाडीवाले, रिक्षावाले, मागावरून सुटलेले कामगार लोटा तोंडाला लावायचे आणि लोट्याच्या कडेवरून दुकानात नजर टाकायचे. त्यातल्या एकाच्या मालकाची मोटार जळालेली होतीच. काम मी चोख केलं म्हणून दुकान टिकलं, पण लोकांना पायरीपर्यंत आणलं ते तिच्या आंबिलीनं. तेव्हापासून होळी झाली की आमच्या पायरीवर माठ असतो, तो पाऊस पडेपर्यंत. पैसे कुणाकडून घेत नाही. एवढी एकच वस्तू माझ्या दुकानात भाव न करता मिळते.

आंबील दिसायला सोपी. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं, वर बुडबुडे येतात. मोठ्या भगुन्यात पाणी उकळायचं, त्यात ते पीठ सोडायचं आणि हाटत राहायचं. हात थांबला की गुठळ्या, हात मंदावला की बुडाला लागलं. शिजली की निववून त्यात ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. खरं काम मधलं. दोन माठ भरतील एवढी घट्ट आंबील लाकडी डावानं हाटायची म्हणजे खांद्यातून जोर लागतो.

गेल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा तिचा उजवा खांदा धरला. पदर मागे टाकायला हात जाईना. वेणी घालायला शेजारीण येऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं की रोज व्यायाम करा आणि जड ढवळणं बंद, नाहीतर हात असाच राहील. हिवाळाभर तिनं भिंतीवर बोटं चालवत तो व्यायाम केला. हात कानापर्यंत आला. होळी जवळ आली तशी ती दळण आणायच्या गोष्टी करू लागली.

"यंदा माठ न्हाय," मी म्हणालो.

"कोन म्हनलं?"

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर सोलापूरचं ऊन कमी करनार हायत का?"

"मग एखादी बाई लावू."

"बेडा!" नको म्हणायचं झालं की ती कन्नडात म्हणते, म्हणजे विषय संपला असं समजायचं. "दुसऱ्याच्या हातची आंबील माझ्या माठात जानार न्हाय."

माठ बंद झाला तर ती आतून खचेल हे मला दिसत होतं, आणि माठ चालू राहिला तर तिचा हात जाईल हेही दिसत होतं. अशा वेळी माझा भाचा कामी आला. तो जर्मनीत नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरी बिअर करतो. तिकडे त्याला मुभा आहे. एका रविवारी फोनवर तो मला त्याचं भांडं दाखवत होता. स्टीलचं मोठं पातेलं, बुडाजवळ एक भोक, त्यात गिझरमध्ये असते तशी कॉइल. दुसऱ्या भोकात तोटी. बटन दाबलं की उकळी, तोटी सोडली की बाहेर.

"तयार घ्यायला गेलं तर लई महाग पडतं, मामा," तो म्हणाला. "हे मी अगदी स्वस्तात केलंय."

स्वस्तात म्हटलं की माझे कान उभे राहतात. कॉइल, वायर, स्विच तर माझ्या दुकानातच. फक्त भांडं पाहिजे होतं. त्याच्या पातेल्यात उकळत होतं ते कोऱ्या चहासारखं पातळ होतं. ते मी नीट पाहिलं होतं. पण माझं लक्ष होतं कॉइलवर.

सात रस्त्याजवळच्या एका बोळात हॉटेलांसाठी भांडी करणारे चाचा बसतात. मंगल कार्यालयांची जुनी भगुनीही त्यांच्याकडे विकायला येतात. आमची ओळख जुनी आणि भांडणंही जुनी. मी एक जाड बुडाचं भगुनं निवडलं, खिशातलं लोहचुंबक लावून पाहिलं.

"चिपकता नई, देखो," चाचा म्हणाले. "अच्छा माल हय."

"माल बरा हाय, पण पोचा किती मोठा आलाय."

"वो पोचा नई, उमर हय उसकी. तुम्हारेकू बी हय, मैं कुछ बोला क्या?"

मला हसू आलं, पण भाव करताना हसलं की गेलंच. मी उठलो, चप्पल घातली आणि बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेलो. मागून हाक यायला पाहिजे होती. आली नाही. तसाच परत फिरलो आणि म्हणालो, "रुमाल विसरला हितं."

"रुमाल तुम्हारे कंधे पे हय," चाचा म्हणाले. "बैठो अब. चाय पियो."

चहा झाला, पुन्हा आवाज चढले, आणि शेवटी मी सांगितलेल्या भावात सौदा पटला. दोन्ही भोकं फुकट पाडून द्यायची, हेही मी त्यात घालून घेतलं.

घरी आणून मागच्या अंगणात कामाला बसलो. कॉइल बसवताना आतून बाहेरून सिलिकॉनचे वॉशर घातले, नट आवळला, पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली एक थेंब नव्हता. मग वायरिंग. ओल्या हातानं तिथं ती उभी राहणार होती, म्हणून भगुन्याच्या अंगाला अर्थिंगची जाड तार वेगळी आवळली आणि करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच लावला. त्या दोन गोष्टींत मी काटकसर केली नाही. बाकी सगळ्यात केली.

पाणी उकळून दाखवलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. शेजारीण तेलुगू विणकर घरातली, तिचं अंगण नि आमचं अंगण यांच्यामध्ये एक छोटं दार आहे, ते कधी बंद नसतं. पाणी खळखळलं तशी ती म्हणाली, "अण्णा, आता अक्कानं नुसतं बटन दाबायचं म्हना की!"

"दाबायचं, पण कॉइल बुडाल्याशिवाय न्हाय," मी म्हणालो. "कॉइल कोरडी राहिली तर जळणार. आधी पाणी, मग बटन. काय सांगितलं मी?"

"साकु!" बायको म्हणाली. म्हणजे पुरे. पण तिचा हात भगुन्यावर होता, एखादं वासरू थोपटावं तसा.

पहिल्या आंबिलीच्या दिवशी मला भल्या सकाळी एमआयडीसीत जळालेली मोटार आणायला जावं लागलं. बहुतेक सकाळी मी तिकडेच असतो. परत येताना वाटेत भेटलेल्या चार माणसांना बरोबर घेऊन आलो. भगुनं झाकलेलं, अंग गरम. तोटी सोडली तर आंबील पडली, घट्ट, गुठळीविना, जशी पाहिजे तशी. मी तिथंच उभ्यानं पेला संपवला. चारही माणसांना पाजली. मग बहिणीला फोन, मग भाच्याला फोन, मग तांब्याच्या तारवाल्याला फोन.

बायको उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, नवऱ्याचा अभिमान वाटतोय.

त्यानंतर महिनाभर मी त्या भगुन्याच्या गोष्टी सांगत फिरलो. एक रिक्षावाला रोज दुपारी दोन लोटे पितो. तो म्हणाला, "शेठ, यंदाच्या आंबिलीला चुलीवरची चव हाय." मी त्याला समजावून सांगितलं की जाड बुडामुळे तशी चव येते. विजेचं बिल आलं, फारसं वाढलेलं नव्हतं. मी ते भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. "कमाल आहे, मामा," तो म्हणाला, "माझं तर लई वाढलं." मी म्हटलं, बाळा, जोडणी कुणी केलीय ते बघ.

संध्याकाळी जेवणं झाली की ती खांदा पुढे करायची आणि मी मलम चोळायचो. चोळता चोळता बोलायचो. तोटी अजून मोठी पाहिजे होती का, झाकणाला शिट्टी लावावी का, अशी दोन-चार भगुनी करून विकली तर कशी चालतील. ती हूं हूं करायची.

एका रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, सोलापूरचं पाणी जड. आतापर्यंत कॉइलवर क्षाराचा पांढरा थर बसला असेल. लिंबाचं सत टाकून एकदा उकळून घे, नाहीतर कॉइल जाईल."

बरोबर होतं. आमच्याकडे बादलीसुद्धा पांढरी होते. बायको शेजारणीबरोबर देवळात गेली होती. मी पाना घेतला आणि कॉइल बाहेर काढली.

कोरी होती. खोक्यातून काढलेली असावी तशी. महिनाभर रोज उकळलेल्या कॉइलवर पांढऱ्याचा ठिपका नाही. फक्त मधल्या वळशात, जिथं ब्रश पोचत नाही तिथं, बोटाएवढा काळा डाग होता. मी तो नखानं खरवडला आणि वास घेतला. काय जळालंय हे वासावरून ओळखण्यावर माझं पोट चालतं. ती ज्वारी होती.

मी कॉइल वर्तमानपत्रावर ठेवली, ते अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि समोर पाट टाकून बसलो.

दोघी बरोबरच आल्या. बायकोनं कॉइल पाहिली आणि हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. शेजारीण मधल्या दाराकडे वळली.

"थांबा, ताई," मी म्हणालो. "ही कॉइल काय सांगती ते ऐकून जावा."

"कॉइल कुटं बोलती व्हय, अण्णा?"

"मग तुमी बोला."

बोलली बायकोच. पहिल्याच दिवशी अर्धं पीठ सोडलं आणि ते कॉइलला चिकटून जळालं. पाणी नुसतं उकळतं, पीठ कॉइलला धरून बसतं. सगळी आंबील करपली. "गाईपुढं ठिवली," ती म्हणाली, "तर गाईनं तोंड फिरवलं." दोघींनी भगुनं घासलं, कॉइल घासली आणि शेजारणीच्या अंगणातल्या चुलीवर उरलेल्या पिठाची आंबील करून ह्या भगुन्यात ओतली. आणि मग रोज तेच. आमच्या घरातल्या गॅसवर केली असती तर सिलिंडर लवकर संपला असता आणि ते माझ्या लक्षात आलं असतं. एवढा विचार केला होता!

"मला का न्हाय सांगितलं?"

"कसं सांगनार? तुमी चार मानसं घेऊन आला."

"मानसं गेल्यावर सांगायचं!"

"मानसं गेल्यावर तुमी फोनवर होता. बहिनीला, भाच्याला, त्या तारवाल्याला. तारवाल्याशी तुमी जन्मात हसून बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला."

"अण्णा, तुमचं तोंड लगीन ठरल्यावानी झालं होतं," शेजारीण म्हणाली. "कुनाचं धाडस व्हईल?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं. तिसऱ्या दिवशी!"

"तुमी चिडला असता."

"मी चिडणारच! मी रोज चिडतो!" मी हातातला पाना फेकला. तो भिंतीला लागून तुळशीच्या कुंडीत पडला. "हाटलं कुणी रोज? तुमी हाटलं का, ताई?"

शेजारीण पदराशी चाळा करत राहिली. "अक्का डावाला हात लावू दिल तर ना. मी नुसती लाकडं सारायची."

"डॉक्टरांनी उजवा हात सांगितला होता," बायको म्हणाली. "मी डाव्यानं हाटलं."

तेव्हा मला कळलं. बऱ्याच दिवसांपासून संध्याकाळी ती जो खांदा पुढे करत होती तो डावा होता. तो मी माझ्या हातानं चोळत होतो. चोळत होतो आणि झाकणाला शिट्टी लावायच्या गोष्टी करत होतो.

मी उठलो आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. दुपारी ती लोटा घेऊन आली, शेजारी ठेवला आणि गेली. चुलीवरचीच होती. मी प्यायलो. चांगली होती, म्हणून अजून राग आला.

पायरीवर बसल्या बसल्या मला सुताराचं सरसाचं भांडं आठवलं. सरस थेट आचेवर ठेवला तर जळतो, म्हणून सुतार एका भांड्यात पाणी तापवतो आणि सरसाचं भांडं त्यात सोडतो. कॉइलला पाणी द्यायचं, पीठ द्यायचंच नाही. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा सात रस्त्याला गेलो आणि माझ्या भगुन्यात बसेल, कडेवर टेकेल असं दुसरं भगुनं मागितलं. चाचांनी भाव सांगितला. मी पैसे काढले.

चाचा पैशांकडे बघत राहिले. "घर में सब ठीक हय ना?"

"ठीक हाय."

"फिर झगडा करो ना. मेरेकू डर लगरा."

सवयीनं थोडं भांडलो, त्यांचं समाधान होईल इतपत. निघताना त्यांनी एक झाकण वर टाकलं.

आता खालच्या भगुन्यात पाणी, त्यात कॉइल, आणि वर लोंबकळणाऱ्या भगुन्यात आंबील. वेळ जास्त लागतो, पण बुडाला लागत नाही. हाटावं लागतंच, आधीपेक्षा कमी. ते मी हाटतो. एमआयडीसीत मी आता उशिरा जातो. ती पाटावर बसून हुकूम सोडते. "बुडातून घ्या. अहो, बुडातून! मोटारीत तार भरताय व्हय?" मी एकदा विचारलं, दुसऱ्याच्या हातची आंबील माठात चालत नव्हती ना? तर म्हणाली, "तुमी दुसरे हाय व्हय?" रिक्षावाल्यानं मात्र तक्रार केली की चव गेली. त्याला मी सांगितलं, फुकट पितोस, गप पी.

कॉइल अधूनमधून काढून पाहतो. आता तिच्यावर हक्काचा पांढरा थर असतो. धुण्याआधी तो मी बायकोला दाखवतो. ती म्हणते, दिसला, साकु.

पण एवढं सगळं करूनही झालेलं काही मिटत नाही. उजवा खांदा सुटत आलाय. डावा अजून कानाच्या वर जात नाही. आता ती भिंतीवर डाव्या हाताची बोटं चालवते आणि मी मागे उभा राहून बघतो की कुठपर्यंत पोचली. काल दाराच्या कडीपर्यंत पोचली. पूर्वी दाराच्या वरच्या फळीवरून ती डबे काढायची.

म्हणून हे लिहितोय, आणि लिहून झालं की तुझ्याच हातात देणार आहे. तू आयुष्यभर माझ्यासमोर माणसं तोलताना मला पाहिलंस. कोण किती किमतीचा यात मी कधी चुकलो नाही असं तूच लोकांना सांगतेस. मग तू मला तोलताना एवढी कशी चुकलीस? एक भंगारातलं भगुनं फसलं तर मला लागेल म्हणून तू हात दिलास. तुझा हात गेला तर मला लागणार नाही असं वाटलं तुला? माझ्या रागाला भ्यालीस म्हणतेस. राग माझा रोजचा आहे, चहासारखा, येतो नि जातो. हात परत येतो का? एवढा स्वस्त धरलास मला?

शेजारणीला मी सोडून दिलं, तिनं नुसती लाकडं सारली. चाचांचा काही दोष नाही. भाच्याची तर बिअर होती. जबाब तूच द्यायचा आहेस. आणि या वेळी साकु म्हणून चालणार नाही, कन्नडात नाही, मराठीत नाही. मी पाटावर बसलोय. सांग.